चूक सांगता येईल असे घर

वाचकहो, ‘कर्मचाऱ्यांचे मनोबल’ आणि ‘संघभावना’ हे शब्द कानी पडले की कचेरी, कारखाना, नाही तर एखादे व्याख्यान डोळ्यांसमोर येते. आपल्यापैकी अनेकांनी निवृत्तीच्या दिवशी ते शब्द कचेरीच्या टेबलावरच ठेवले असतील. परंतु ज्या घरात वृद्ध माणसाची शुश्रूषा चालते, ते घर कोणाच्या तरी कामाचे ठिकाण असते, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. सकाळी आठ वाजता दिवसपाळीची मावशी दाराशी चपला काढते, तेव्हा ती पाहुणी म्हणून येत नाही. ती कामावर रुजू होते. सून, मुलगा, रात्रपाळीची मावशी, आठवड्यातून दोनदा येणारे फिजिओथेरपिस्ट आणि स्वतः रुग्ण, या साऱ्यांचा मिळून एक चमू असतो. तो नीट चालतो की नाही, यावर रुग्णाची प्रकृती अवलंबून असते. हे मी फार उशिरा शिकलो.

माझ्या आईच्या खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर ती घरी आली, तेव्हाची ही गोष्ट. तिचे वय ब्याऐंशी. ब्युरोकडून दोन मावशी ठेवल्या होत्या. एके सकाळी वॉकर धरून उभी राहताना आईच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. मावशींनी वेळीच सावरले म्हणून ती पडली नाही. रक्तदाब बराच उतरला होता. मी सर्वांना विचारले. औषधे नेहमीप्रमाणेच दिली, असे सर्वांनी सांगितले. डॉक्टरांनी साहजिकच रक्तदाबाची गोळी अर्धी केली. पुढे दोन दिवस रक्तदाब चढाच राहिला.

तिसऱ्या दिवशी दिवसपाळीच्या मावशींनी स्वयंपाकघरात माझ्या पत्नीजवळ मन मोकळे केले. त्या दिवशी रात्रपाळीच्या मावशींनी घरी जाण्यापूर्वीच सकाळची गोळी दिली होती आणि यांनी न्याहारीनंतर ती पुन्हा दिली. गोळ्यांच्या पाकिटावरून दुपारी ते लक्षात आले. “मग तेव्हाच का नाही सांगितलं?” पत्नीने विचारले. “वहिनी, मागच्या आठवड्यात थर्मामीटर फुटला, तेव्हा दादा सगळ्यांसमोर बोलले. ब्युरोला फोन करतो म्हणाले. माझं काम गेलं असतं.”

ते खरे होते. थर्मामीटर फुटल्याचा राग मी मनसोक्त काढला होता आणि त्यातून मावशींनी एक धडा घेतला होता : या घरात चूक सांगायची नसते. त्या धड्याची किंमत मात्र माझ्या आईने मोजली. ज्यांना खरी माहिती मिळत नाही, त्या डॉक्टरांकडून योग्य उपचाराची अपेक्षा तरी कशी करावी?

याच विषयावरील एक संशोधन मला पुढे वाचावयास मिळाले. 1990च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील एमी एडमंडसन या अभ्यासिका रुग्णालयांतील परिचारिकांच्या चमूंचा अभ्यास करीत होत्या. ज्या चमूत परस्परसंबंध चांगले, तेथे औषधांच्या चुका कमी होत असतील, असा त्यांचा अंदाज होता. आकडे आले ते उलटे. चांगल्या चमूंच्या नावावर चुका अधिक! खोलात गेल्यावर उलगडा झाला. तेथे चुका अधिक होत नव्हत्या. त्या अधिक मोकळेपणाने सांगितल्या जात होत्या. जेथे प्रमुखाचा धाक होता, तेथे चुका होत असत, पण वहीत उतरत नसत. पुढे 1999मध्ये त्यांनी ‘मानसिक सुरक्षितता’ ही संकल्पना सविस्तर मांडली. शंका विचारली किंवा चूक कबूल केली तर आपला पाणउतारा होणार नाही, असा विश्वास चमूतील प्रत्येकाला वाटणे, हा तिचा सारांश. याचा अर्थ कामात ढिलाई चालवून घ्यावी असा नव्हे. काम चोखच हवे. परंतु चोख कामासाठी खरी माहिती लागते आणि भीती खरी माहिती दडवते.

मग आम्ही घरात काही गोष्टी बदलल्या. त्यात खर्चाचे काही नाही.

पहिली गोष्ट नोंदवहीची. साधी दोनशे पानी वही आईच्या उशाशी ठेवली. औषध दिले की त्याच क्षणी वेळ आणि सही. जेवण, पाणी, लघवी, शौच, कूस बदलल्याची वेळ, अंगावर कोठे लाली दिसली का, हेही त्यात. ज्यांना लिहिणे जड जाते, त्यांच्यासाठी रकाने आखून केवळ खूण करण्याची सोय ठेवली.

दुसरी गोष्ट पाळी बदलतानाच्या दहा मिनिटांची. जाणाऱ्या मावशींनी येणाऱ्या मावशींना वही दाखवून सारे सांगावयाचे आणि तेही आईच्या पलंगाशी, तिच्याशी बोलत. आपल्याविषयी आपल्यादेखत, आपल्याला वगळून बोलले जाणे वृद्धांना फार लागते. आई स्वतःच “गोळी झाली हो माझी” असे सांगू लागली, तेव्हा चमूला सर्वांत जागरूक सदस्य मिळाला.

तिसरी गोष्ट एकाच्याच सूचनेची. मुलगा एक सांगतो, सून दुसरे, परगावची लेक फोनवरून तिसरे. अशा घरात मावशी कोणाचेच मनापासून ऐकत नाहीत. आमच्याकडे सूचना पत्नीनेच द्यावयाच्या, असे ठरले. मी माझी मते तिला सांगू लागलो. हे मला सोपे गेले नाही.

चौथी गोष्ट मानाची. गरम जेवण, ठरलेली साप्ताहिक सुट्टी, दुपारी पाठ टेकण्यास जागा आणि वेळेवर पगार, हे उपकार नव्हेत. रात्रभर जागलेल्या व्यक्तीकडून दिवसाही काम करून घेतले, तर चूक होणारच; आणि ती चूक तिची एकटीची नसेल.

आणि पाचवी गोष्ट, चूक कळल्यावरच्या पहिल्या वाक्याची. “असं कसं केलंत?” याऐवजी “सांगितलंत ते बरं केलंत” असे म्हणावे. नंतर लगेच डॉक्टरांना फोन करावा. औषध दोनदा गेले, तर ‘बघू’ म्हणून थांबू नये. रक्तदाब, मधुमेह आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांच्या बाबतीत तर मुळीच नाही. एखादी मात्रा चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट देऊन भरपाई करू नये. चूक का झाली, हे शांतपणे संध्याकाळी पाहावे. आमच्याकडे दोष व्यवस्थेचाच निघाला : सकाळची गोळी कोणत्या पाळीने द्यावयाची, हे कोणीच ठरविले नव्हते.

ज्येष्ठ वाचकहो, आपल्यालाही एक विनंती. सेवा करणाऱ्या व्यक्तीचे काही खटकले, तर ते आधी तिलाच सौम्यपणे सांगावे; तिच्यादेखत मुलाला फोन करून तक्रार करू नये. मात्र कोणी हात उगारला, अपशब्द वापरले किंवा उपाशी ठेवले, तर ती चूक नव्हे, तो छळ आहे. तेथे गप्प राहू नये. घरातील विश्वासाच्या माणसास त्याच दिवशी सांगावे.

त्या दिवसपाळीच्या मावशी पुढे दीड वर्ष आमच्याकडे होत्या. एकदा आल्या आल्या त्यांनीच मला सांगितले, “दादा, काल संध्याकाळची कॅल्शियमची गोळी माझ्याकडून राहिली.” ते ऐकून मला बरे वाटले. आपल्या घरात अशी गोष्ट शेवटची कोणी आणि केव्हा सांगितली, हे या पंधरवड्यात आठवून पाहा. आठवतच नसेल, तर तेथे चुका होत नाहीत असे समजून निर्धास्त राहू नका.