वडिलांच्या शेरवानीचा रंग

आमचे वडील १९४८ पर्यंत निजामाच्या दरबारी चाकरीत होते. तंबोरा घेऊन बसलेले त्यांचे एक छायाचित्र घरी आहे, हाताने रंगवलेले. राजा दीनदयाळांच्या या गावात जुन्या घरांतून अशी चित्रे अजून भिंतीवर दिसतात. रंग उडाले म्हणून मी ते स्कॅन केले आणि शिकवण्या आटोपल्यावर रात्री संगणकावर उजळू लागलो. चेहरा पिवळा वाटे, म्हणून निळा वाढवला. छापून आणले. आईने क्षणभर पाहिले. “अरे, यांचा चेहरा असा निळा मी एकदाच पाहिला होता,” एवढेच म्हणाली आणि चित्र पालथे ठेवले.

छापणाऱ्याचा दोष नव्हता. रात्री पडद्याचा निळा प्रकाश कमी करणारी ‘नाइट लाइट’ची सोय माझ्याकडे चालू होती. २०१७ साली ती विंडोजमध्ये आली, मॅकवरही त्याच वर्षी. ती मूळ चित्राला हात लावत नाही, फक्त दिसणे बदलते. खोलीत पांढरी ट्यूब जळत असल्याने पडद्याचा पिवळेपणा अधिकच डोळ्यांत भरे. तो मी चित्राचा समजलो आणि चित्रातच निळा ओतला.

मालकंसासाठी तंबोऱ्याची पहिली तार पंचमावरून मध्यमावर उतरवावी आणि सकाळी ती तशीच ठेवून दुसऱ्याला गायला द्यावी, तसे हे झाले. असे केले म्हणून वडिलांनी मला एकदा दिवसभर तंबोऱ्याला हात लावू दिला नव्हता!

काही जाणकार म्हणतात, ही सोय बंदच ठेवावी. मला पटत नाही. रात्री स्वरलिपी वाचताना मऊ प्रकाशच बरा. वाचायची मांडणी वेगळी, रंग पाहायची वेगळी, आणि काम बदलले की मांडणी बदलायची. पडद्याच्या रंगांची अशी जुळणी ‘कलर प्रोफाइल’ म्हणून संगणकात साठवता येते. विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील डिस्प्लेत, मॅकवर डिस्प्लेजमध्ये यादीतून ती निवडता येते. मात्र एका पडद्यासाठी केलेली जुळणी दुसऱ्याला लावू नये. माझी काळी दोन तुमच्या गळ्याला चालेलच असे नाही. काहीच ठाऊक नसेल तर एसआरजीबी निवडावी. १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मांडलेला हा षड्ज बहुतेक पडद्यांना मानवतो. आणि प्रोफाइल बदलले तरी नाइट लाइट आपोआप जात नाही, ती वेगळी बंद करावी लागते. मी नेमका तिथेच फसलो होतो.

सालारजंग संग्रहालयातील दख्खनी लघुचित्रांच्या रंगांवरून, फोनवरची प्रत पाहून, तावातावाने भांडणारे दोन स्नेही आमच्याकडे येतात. त्यांनी आधी आपापले फोन शेजारी ठेवून पाहावेत.

गेल्या रविवारी सकाळी नाइट लाइट बंद केली, मूळ स्कॅन पुन्हा उघडला आणि आईला शेजारी बसवले. शेरवानी बदामी होती, हे तिलाच ठाऊक. मी रंग हळूहळू सरकवत होतो. “अजून थोडा खाली... नाही, उतरला. जरा वर... हं, इथेच थांब.”