दाजींची पल्सर आणि काळे हात



मागच्या महिन्यात सलग दोन रविवार आम्ही अभ्यासवर्गाला आलो नाही, म्हणून कार्यकर्त्यांनी फोनवर आमची चांगलीच हजेरी घेतली. एकाने तर, पगार वेळेवर मिळू लागला की माणसाला चळवळीचा कंटाळा येतो, असेही सुनावले. खरे कारण सांगायला आम्ही लाजत होतो. ते दोन्ही रविवार आम्ही शनिवार पेठेत, ताईच्या वाड्याच्या चौकात, फरशीवर पोते अंथरून मोटारसायकलचे शॉकअप खोलत बसलो होतो. बी.कॉम. झालेला, आयुष्य खतावणीत आणि व्हाउचरांत घालवलेला हा इसम हातात पाना घेऊन! पहिल्या माळ्यावरच्या आजी दोनदा कठड्याशी येऊन बघून गेल्या.

गाडी आमच्या दाजींची. ते पेठेतल्याच एका छापखान्यात बाईंडर होते. २००४ साली त्यांनी हप्त्यांवर पल्सर १८० घेतली. ही गाडी आपल्या चाकणची. बजाजने २००१ साली पल्सर बाजारात आणली, तोवर आपल्याकडची माणसे स्कूटरवर नाही तर पेट्रोल वाचवणाऱ्या शंभर सी.सी.च्या गाडीवर समाधानी होती. पल्सर म्हणजे गरिबाची स्पोर्ट्स गाडी. बाईंडरला ही थेरं कशाला, असे नातेवाईकही म्हणाले. दाजी फारसे बोलत नसत. एकदाच आम्हाला म्हणाले होते, "माझ्या बापाला गावच्या वेशीतून जाताना चप्पल हातात घ्यावी लागायची. मी त्याच वेशीतून चौथ्या गिअरमध्ये जाऊन आलो." त्यानंतर आम्ही कधी हप्त्यांचा विषय काढला नाही.

२०२१ च्या एप्रिलात दाजी गेले. कोविडच्या दुसऱ्या लाटेने आपल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसे नेली, त्यात ते. गाडी जिन्याखाली ताडपत्री पांघरून उभी राहिली. ताईला ती विकवेना आणि बघवेनाही.

आता भाची डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने इंजिन चालू करून घेतले, बॅटरी नवी टाकली. पण गाडी रस्त्यावर काढली तर पुढचे चाक ढेकळावरून चालल्यासारखे उड्या मारी, ब्रेक दाबला की तोंड खाली आपटे, आणि हँडल मधोमध आले की खाचेत अडकल्यासारखे होई. पुढच्या दोन्ही पायांवरून तेल ओघळून डिस्कपर्यंत पोचलेले. एका गॅरेजवाल्याने पाहून साडेआठ हजार सांगितले. वर भाचीकडे न बघता आम्हाला म्हणाला, "साहेब, भंगारात घाला ही, आणि मुलीला एक स्कूटी घेऊन द्या."

पल्सरची त्या काळातली जाहिरात जुन्या वाचकांना आठवत असेल. 'डेफिनेटली मेल', म्हणजे गाडी निःसंशय पुरुष! भाचीला ते सांगितले तेव्हा ती इतकेच म्हणाली, "मामा, मग या पुरुषाचे गुडघे गेलेत. आपणच बदलू."

खरा विरोध झाला तो ताईचा. तो पडण्याच्या भीतीपोटी असेल अशी आमची समजूत होती. कारण निराळेच निघाले. "तुझ्या आजोबांनी मेलेली ढोरं ओढली, बापानं सरसात हात घातले. तुला शिकवली ती परत हात काळे करायला?" हे ऐकल्यावर आमचा पाना खाली राहिला. याला चटकन उत्तर देणे सोपे नव्हते, आणि आजही ते पुरते दिले गेले असे आम्हाला वाटत नाही.

आपल्या समाजातल्या दोन पिढ्यांनी पोरांना खुर्चीवर बसवण्यासाठी रक्ताचे पाणी केले. त्या खुर्चीला नावे ठेवणारे आम्ही कोण? आम्हीही तिच्यावरच बसतो. ज्यांच्या आज्याने कधी घाणीत हात घातला नाही, त्यांनी श्रमप्रतिष्ठेवर भाषणे द्यावीत याची आम्हाला चीडच येते. पण १९३६ च्या जातिनिर्मूलनावरच्या निबंधात बाबासाहेबांनी जो दोष दाखवला तो हाताच्या कामाचा नव्हे. कोणी कोणते काम करायचे हे जन्माआधीच ठरते, माणसाची आवड नि कुवत कुणी विचारत नाही, हा तो दोष. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते, आणि तांत्रिक शिक्षणाचे काम त्याच खात्याकडे होते. कारागीर तयार व्हावेत, त्यांना कारखान्यात मानाची जागा मिळावी, हे त्यांना हवेच होते. भाचीने हा पाना जातीने उचललेला नाही, परीक्षा देऊन उचलला आहे. हे आम्ही ताईला आमच्या परीने सांगितले. ती म्हणाली, "भाषण अभ्यासवर्गात कर," आणि चहा टाकायला आत गेली. चहा आला तेव्हा बरोबर जुन्या लुगड्याच्या चिंध्याही आल्या. हाताला पुसायला.

आता कामाचे. शॉकअपमध्ये दोन गोष्टी असतात, स्प्रिंग आणि तेल. खड्ड्याचा धक्का स्प्रिंग झेलते. पण मोकळी स्प्रिंग एकदा दबली की कितीतरी वेळ नाचत राहते. तेलाला बारीक भोकांतून वरखाली जावे लागते, तेच तिला आवरते. पुढच्या पायात चकचकीत नळी खालच्या भांड्यात सरकते, आणि दोहोंच्या मध्ये रबराचे सील तेल अडवून धरते. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की हे रबर कडक होते, पावसाळी हवेने नळीवर गंजाचे ठिपके पडतात, आणि गाडी चालू झाली की ते ठिपके कानसीसारखे सीलला खातात. तेल गेले की गाडी उडते, हे एक. पण ते तेल डिस्कवर आणि ब्रेकच्या पॅडवर गेले की गाडी थांबतच नाही. गळका शॉकअप म्हणजे नुसता गचके बसण्याचा त्रास असे समजून महिनोन्महिने गाडी चालवणारे आमच्या ऑफिसातही आहेत, म्हणून हे लिहिले.

डबल स्टँडवर गाडी घेऊन इंजिनाखाली लाकडी ठोकळा दिला, म्हणजे पुढचे चाक अधांतरी राहते. विटांच्या थप्पीवर भरवसा ठेवू नये, वीट फुटते. ब्रेकचा कॅलिपर सोडून सुतळीने टांगून ठेवला, नळीवर त्याचा भार येऊ द्यायचा नाही आणि तो सुटा असताना ब्रेकचा दांडा दाबायचा नाही. मग चाक, मग मडगार्ड. येथपर्यंत आम्हाला वाटले, यात काय आहे!

पहिली चूक येथेच झाली. पायाच्या डोक्यावरचे टोपण पाय गाडीत आवळलेला असतानाच ढिले करून घ्यायचे असते. आम्ही उत्साहाच्या भरात अख्खा पाय आधी बाहेर काढला. मग ते टोपण सुटेना. एकाने पाय कवटाळायचा, दुसऱ्याने पाना फिरवायचा, असे अर्धा तास चालले आणि शेवटच्या आट्याला आतल्या स्प्रिंगने ते असे उडवले की थेट तुळशीकट्ट्यावर. तोंड वर नव्हते म्हणून बरे. दुसऱ्या पायाच्या वेळी भाचीने आम्हाला हात लावू दिला नाही.

आतून निघालेले तेल डबक्यातल्या पाण्यासारखे काळे आणि वासाने नकोसे. ते मोरीत ओतायचे नव्हते. पेठेतली मोरी आणि मुठा यांत अंतर ते किती! डब्यात भरून ओळखीच्या गॅरेजच्या जळक्या तेलाच्या पिंपात टाकले. तळाचा ॲलनचा बोल्ट आतल्या दांडीसकट नुसता गरगर फिरत होता. त्यावर भाचीने काढलेली युक्ती अशी की स्प्रिंग नि टोपण परत बसवायचे, पाय भिंतीशी जोराने दाबून धरायचा आणि एकच हिसका द्यायचा. सुटला.

नळीवरून तिने नख फिरवून पाहिले. नख जिथे अडते तिथे सील फाटणार. नशिबाने अडणाऱ्या जागा वरच्या अंगाला, सील जिथपर्यंत पोचत नाही तिथे होत्या, नाही तर नळ्याच बदलाव्या लागत्या. तारेची रिंग काढून जुने सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटले, भांड्याच्या काठाला ओरखडा पडू नये म्हणून मध्ये चिंधी ठेवली. नवे सील तेल लावून, नळीच्या धारेवर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सरकवायचे, आणि जुनेच सील वर ठेवून चहूबाजूंनी हलके ठोकत बसवायचे. पहिले सील आम्ही एकाच बाजूने ठोकले. ते तिरके जाऊन त्याचा ओठ दुमडला. एकशे चाळीस रुपये पाण्यात. भाची काही बोलली नाही. दाजीही असेच गप्प राहत.

हँडलचा कोन सेट आणि मागचे काम दुसऱ्या रविवारी झाले. कोनच्या वाटीत छर्ऱ्यांनी खड्डे पाडले होते, हँडल मधोमध अडकत होते ते त्यामुळे. मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले, ते चार बोल्टांचे काम. चिमट्याचा मोठा बोल्ट मात्र गंजून एकजीव झालेला, रात्रभर गंज सोडवणारे तेल पाजले तेव्हा हलला. चिमट्याचे बुश घरी दाबणे आमच्याने झाले नाही, ते नाना पेठेत लेथवर करून घेतले. सुटे भागही नाना पेठेतूनच आणले. तिथल्या दुकानदाराने भाचीला दोन प्रश्न विचारले, तिने उत्तरे दिल्यावर पुढचे सगळे बोलणे त्याने तिच्याशीच केले, आम्ही पिशवी धरून उभे.

हिशेब हा आमचा प्रांत. सील २८० रुपये, तेल ३२०, कोन सेट ५५०, ब्रेक पॅड २६०, बुश २४०, मागचे शॉकअप २,६००, लेथ १००, एक हत्यार नवे ३५०, आणि आम्ही वाया घालवलेले सील १४०. एकूण ४,८४० रुपये. तेल प्यालेले जुने पॅड धुऊन वापरावेत असे आम्ही सुचवले होते. भाचीने ते कचऱ्यात टाकले.

या निमित्ताने गाडीचे कागद पाहिले, आणि ज्यांच्या घरात असे दुःख होऊन गेले त्या भगिनींनी हा भाग नीट वाचावा. गाडी अजून दाजींच्याच नावावर होती. मालक वारल्यावर तीस दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते आणि तीन महिन्यांत वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म ३१ भरायचा असतो. सोबत मृत्यूचा दाखला, आर.सी., विमा. शिवाय पंधरा वर्षे झालेल्या गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण फॉर्म २५ ने करावे लागते, त्यासाठी गाडी तपासायला न्यावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. उशीर झाला तर दंड बसतो, पण काम होते. घरातले पुरुष गेले की त्यांची गाडी, त्यांचा विमा, त्यांचे पासबुक वर्षानुवर्षे त्यांच्याच नावाने पडून राहते. मग अपघात झाला की भरपाईच्या वेळी वकील पहिला तोच कागद मागतो. दुःखात फॉर्म भरायला हात वळत नाही हे आम्ही जाणतो, ताईचाही साडेतीन वर्षे वळला नाही. अर्ज आता दिला आहे, ताईच्याच नावाने. तपासणी व्हायची आहे, तोवर गाडी वाड्यातच.

येत्या २५ डिसेंबरला देहूरोडला जायचे आहे. १९५४ साली त्याच तारखेला बाबासाहेबांनी तिथे रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. दाजी दरवर्षी ताईला मागे बसवून जात. भाचीच्या मनात काय आहे ते आम्ही ओळखून आहोत, ताईनेही ओळखले असावे, कारण तिने परवा सहज म्हणून दुसऱ्या हेल्मेटची किंमत विचारली.

मात्र एक घोळ उरला आहे. काम संपल्यावर दोन्ही पायांखाली या साप्ताहिकाचा एकेक जुना अंक पसरून ठेवला होता, संपादकांनी क्षमा करावी. तीन दिवसांनी उजवीकडचा अंक कोरडा होता. डावीकडच्या अंकावर रुपयाएवढा तेलाचा डाग. तळाच्या बोल्टचा तांब्याचा वायसर नवा घालायचा असतो. उजव्या पायात भाचीने घातला होता. डावीकडे, दहा रुपये वाचवावेत म्हणून, आम्ही जुनाच लावला होता. तेव्हा पुढच्या रविवारीही आम्ही अभ्यासवर्गाला नाही.