परतीचा निरोप

पैसाफंडाच्या पैशांतून जेथें १९०८ सालीं काचेचा कारखाना उभा राहिला, त्या आमच्या तळेगांव दाभाडे गांवास यंत्रांचें नवल नाहीं. आतां तर चाकणपर्यंत कारखान्यांची रांगच लागली आहे. तथापि गेल्या उन्हाळ्यांत आमच्याच पडवींत जें यंत्र घडलें, त्यानें साठी उलटल्यावर आम्हांस एक धडा दिला. तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें.

आमचा पुतण्या यंत्रविद्येची पदविका घेत आहे. पॉलिहाऊसमधील गुलाबांच्या दोन ओळींतून आपोआप जाऊन औषध फवारणारें गाडें, हल्लींच्या भाषेंत रोबो, करावा हा त्याचा संकल्प. चालण्याची सोय झाली. अडलें तें सुकाणूपाशीं. खेळण्यांतल्या विमानांत असते तशी लहान सर्व्हो मोटर त्यानें प्रथम लाविली. भरल्या टांकीचें ओझें पडतांच तिचे प्लास्टिकचे दांते झडले. जड कामाची तयार सर्व्हो विद्यार्थ्याच्या आवांक्याबाहेरची. तेव्हां त्यानें भंगारांतून मोटारगाडीच्या वायपरची मोटर आणिली. ती बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. आंतील वर्म गिअरमुळें तिचा वेग उतरतो, बळ वाढतें, आणि चाकाला बसलेला धक्का तिला सहसा उलट फिरवूं शकत नाहीं.

आम्हीं विचारलें, “एवढी दांडगी मोटर मिळाली, मग राहिलें काय?”

“काका, हिला नुसतें फिरतां येतें. आपण किती फिरलों, हें हिला कळत नाहीं.”

सर्व्हो शब्दाचें मूळ लॅटिन असून त्याचा अर्थ दास असा आहे. एकोणिसाव्या शतकांत फ्रान्समधील फार्को या अभियंत्यानें जहाजाचें सुकाणूं वाफेच्या बळानें वळविणारें यंत्र रचून त्यास हें नांव दिलें. परंतु दास नुसता बलवान् असून भागत नाहीं; आज्ञा कोठवर पाळली गेली, याचा निरोप परत आला पाहिजे.

म्हणून पुतण्यानें सुकाणूच्या दांड्याला पोटेन्शिओमीटर जोडला. रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याची फिरकी असते, तीच ही वस्तु. तिच्या दोन टोंकांना पांच व्होल्ट दिले, कीं मधल्या तारेवर दांड्याच्या स्थितीप्रमाणें दाब मिळतो. चाकें सरळ असतां अडीच. आर्डुइनो नांवाचा छोटा नियंत्रक हा दाब ० ते १०२३ या अंकांत वाचतो. हवा तो अंक आणि आहे तो अंक यांची वजाबाकी करावयाची. अंतर मोठें तर मोटर जोरानें, लहान तर हळू. अगदींच थोडें उरलें, कीं ती थांबवावयाची, नाहींतर जागच्या जागीं थरथरत राहते.

पहिल्या चांचणीस सारें घर जमलें. वहिनींनीं गाड्याला हळदकुंकू वाहिलें. उजवीकडे वळण्याची आज्ञा झाली. चाकें उजवीकडेच निघालीं, पण थांबेनात! टोंकास जाऊन दांडा वाकला आणि फ्यूज वितळला.

“धांदरट” हा शब्द आमच्या ओठांवर आलाच होता. पण पुतण्या शांतपणें तारा तपासूं लागला. घटकाभरानें म्हणाला, “फिरकीच्या टोंकाच्या दोन तारा उलट लागल्या, काका. चाक जसजसें वळे, तसतसें यंत्राला वाटे कीं आपण लांबच चाललों आहों. म्हणून तें अधिकच जोर करी.”

आम्ही चपापलों. छत्तीस वर्षें संस्कृत शिकवितांना आम्हीं दुसरें काय केलें? मुलाला रूप येईना, कीं आमचा आवाज चढे. तो भ्याला, कीं आणखी चुके. तो चुकला, कीं आवाज आणखी चढे. असाच एक मुलगा नववींतून शाळा सोडून गेला. त्याला आम्ही मंदबुद्धि समजत आलों. त्याच्या डोळ्यांतून परतीचा निरोप येत होता. आम्हींच तो उलटा वाचीत होतों.

कठोपनिषदांतील रथाचें रूपक आम्हीं कित्येक वर्गांना सांगितलें. परंतु सारथ्याची इच्छा लगामांतून घोड्याला कळते, तशीच घोड्याची ओढही त्याच लगामांतून सारथ्याच्या हाताला कळते, हें वायपरच्या मोटरीनें शिकविलें.

दोन तारांची अदलाबदल झाली, नवा दांडा बसला. गाडें आतां सांगितल्या ठिकाणीं वळून थांबतें. त्या विद्यार्थ्याचें गांव आम्हांस ठाऊक आहे. दिवाळीपूर्वीं एकदां तेथें जाऊन यावें, आणि या खेपेस आधीं त्याचें ऐकावें, असा बेत केला आहे.