‘पाया : माहिती उपलब्ध नाही’

माननीय साहेब,



हा मजकूर मी आधी अर्ज म्हणून तुमच्या कार्यालयात दिला होता. आवक-जावकचा शिक्का बसला, पोच मिळाली, उत्तर आले नाही. स्मरणपत्र दिले, त्याचेही तेच झाले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे. तुमचे किंवा कार्यालयाचे नाव घालत नाही. तुमच्याआधीच्या साहेबांनाही मी हेच सांगत होतो आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांनाही हेच सांगावे लागेल, अशी भीती वाटते.

मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. बरीचशी नोकरी कोकणातल्या रस्त्यांवर गेली. डांबरीकरण, खड्डे, दरडी हे सगळे केलेच, पण माझ्या मनाच्या जवळचे काम वेगळे होते. आमच्या शाखेत पुलांची नोंदवही होती, जाड पुठ्ठ्याची, कडेला कापड लावलेली. एका पुलाला दोन पाने. कितव्या किलोमीटरला, नदी की ओढा, गाळे किती, दगडी कमान की काँक्रीटचा स्लॅब, बांधल्याचे साल, उच्चतम पूरपातळी, पायाचा प्रकार, पायाची खोली. मी शाखेत गेलो तेव्हा बाकीचे रकाने भरलेले होते आणि शेवटचे दोन बहुतेक पुलांना कोरे होते. इंग्रजांच्या काळातल्या पुलांचे नकाशे कुठे वाळवीने खाल्ले, कुठे कार्यालय हलवताना गेले.

ते दोन रकाने भरायला आम्हाला कित्येक उन्हाळे लागले. आम्हाला म्हणजे मला, आमच्या मुकादमांना आणि त्यांच्या हाताखालच्या मैलकुलींना. एप्रिल-मेमध्ये पात्र आटले की खाली उतरायचे, खांबाच्या बुडाशी खणायचे, खडक लागतो की मुरूम ते बघायचे, मोजायचे आणि वहीत लिहायचे. या कामाला वेगळा निधी नव्हता. पावसाळ्याआधीच्या सफाईच्या हजेरीत ते बसवले.

माझ्या गावाजवळच्या पुलाचे पान मला आजही तोंडपाठ आहे. तीन खांब. दोन खडकावर टेकलेले, एक मुरमावर. त्या मुरमावरच्या खांबाकडे मुकादम दर वर्षी स्वतः जायचे. हातात पहार. खांबाच्या बुडाशी, वरच्या प्रवाहाच्या बाजूला, पहार रोवायचे आणि ती किती सहज जाते ते बघायचे. बघणाऱ्याला वाटावे, तिथे आहे काय? सपाट वाळू तर आहे. पण पुराचे पाणी खांबाला अडते, तिथे भोवरा होतो, भोवरा बुडाची माती उकरून नेतो आणि पूर ओसरताना तोच खड्डा सैल वाळूने परत भरतो. उन्हाळ्यात पुलावरून खाली वाकून बघणाऱ्याला सगळे समतल दिसते. हाताला मात्र कळते. बाजूला दोन फुटांवर पहार टणकन अडते आणि खांबापाशी लोण्यात जावी तशी आत जाते. एका वर्षी ती इतकी खोल गेली की मुकादम काही बोललेच नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या उन्हाळ्यात आम्ही तिथे मोठे दगड भरून घेतले आणि वहीत तारखेसह लिहिले. पुढे कोणीही आला तरी त्याने पहिल्यांदा या खांबापाशी जावे, एवढ्यासाठी.

आता पुलांच्या पाहणीची नवी पद्धत आली. गोरेगोमटे, शिकलेले तरुण टॅब्लेट घेऊन आले. त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाकडे नाही. त्यांना दिवसाला अमुक इतके पूल उरकायचे होते. पुलावर उभे राहून त्यांनी कठड्यांचे फोटो काढले, लांबी-रुंदी मोजली, उपग्रहावरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतले आणि ते पुढच्या पुलाकडे गेले. खाली कोणी उतरले नाही. मी वही घेऊन तिथे उभा होतो. म्हटले, यातले उतरवून घ्या. ते म्हणाले, आजोबा, आमच्या फॉर्मला बाहेरचा कागद जोडता येत नाही, ऑफिसला द्या. ऑफिसला दिली. ऑफिसने सांगितले, निवृत्त कर्मचाऱ्याकडचे दस्तऐवज नोंदीत घेण्याची तरतूद नाही.

काही महिन्यांनी उपविभागात गेलो असताना पडद्यावर आमच्या त्या तीन खांबांच्या पुलाची नोंद बघायला मिळाली. पायाचा प्रकार : माहिती उपलब्ध नाही. पायाची खोली : माहिती उपलब्ध नाही. शेरा : स्थिती समाधानकारक.

साहेब, घरी येऊन मी जेवलो नाही.

तुम्ही म्हणाल, एवढे काय मनाला लावून घ्यायचे? म्हणून सावित्रीची आठवण करून देतो. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाबळेश्वरच्या डोंगरावर मुसळधार पाऊस झालेला आणि महाडला सावित्री दुथडी भरून चाललेली. मुंबई-गोवा महामार्गावरचा १९२८ सालचा दगडी कमानींचा पूल पाण्यात गेला. शेजारी नवा पूल होता, तो उभा राहिला. पण मुंबईकडे जाणारी वाहतूक जुन्यावरूनच होती. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या आणि काही छोटी वाहने काळोखात त्या पोकळीत गेली. सुमारे ४० माणसे गेली. पुलाजवळच्या गॅरेजातल्या एका कामगाराला हे दिसले आणि त्याने धावत जाऊन मागच्या गाड्या थांबवल्या, नाहीतर आकडा कुठे गेला असता कोण जाणे. गाड्यांचे सांगाडे सापडायला आठवड्याहून जास्त दिवस गेले. माणसे तर पार आंजर्ल्याच्या किनाऱ्यापर्यंत वाहत गेली होती. आमच्या कोकणातला प्रत्येक जण त्या आठवड्यात आपला कोणी त्या गाडीत नव्हता ना, हे विचारत होता.

त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची तपासणी झाली होती आणि तो वाहतुकीस योग्य ठरला होता, असे सरकारनेच सांगितले. हे वाक्य मी तेव्हापासून विसरू शकलेलो नाही. तपासणी झाली होती, नोंद होती. पण मेमध्ये, कोरड्या पात्रात, वरून बघून लिहिलेला शेरा ऑगस्टच्या पुराला काय सांगणार?

दोन महिन्यांनी, ४ ऑक्टोबर २०१६ ला, केंद्राने भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली सुरू केली. मला खरेच आनंद झाला होता. राष्ट्रीय महामार्गावरच्या प्रत्येक पुलाला स्वतःचा ओळख क्रमांक, त्यात राज्य, आरटीओचा विभाग, रस्त्याचा प्रकार. नकाशावर नेमकी जागा. आणि प्रत्येक भागाच्या स्थितीला ० ते ९ असे गुण. केंद्राच्या आकड्यांनुसार १,७२,५१७ बांधकामांची मोजदाद झाली. त्यात १,३४,२२९ मोऱ्या, ३२,८०६ लहान पूल, ३,६४७ मोठे पूल आणि १,८३५ अतिलांब पूल. एवढ्या मोठ्या देशात एवढी यादी होणे ही लहान गोष्ट नाही. ज्यांनी ती केली त्यांना मी मनापासून हात जोडतो. आपण ज्या मोऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही, त्यासुद्धा, सहा मीटरपर्यंतच्या, एकेक करून मोजल्या गेल्या.

पण ही यादी राष्ट्रीय महामार्गांची. राज्य मार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते आणि वाड्यावस्त्यांमधले साकव त्यात नाहीत. ज्या पुलांवरून पोरे शाळेत जातात ते बहुतेक त्याबाहेरचे. १५ जून २०२५ ला, रविवारी, मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल गर्दीसकट कोसळला आणि चार माणसे गेली. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. म्हणजे कोणाच्या तरी कागदावर त्याची नोंद होतीच. साधारण साडेतीन आठवड्यांनी, ९ जुलैला, गुजरातेत मही नदीवरच्या गंभीरा पुलाचा भाग पडला आणि वाहने नदीत गेली. तो पूल तर १९८५ चा, इंग्रजांच्या काळातलाही नाही. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आदेश निघतो : सर्व पुलांचे स्ट्रक्चरल ऑडिट करा. ऑडिट होते, अहवाल येतो, कपाटात जातो. त्या अहवालात आपल्या गावच्या पुलाला किती गुण मिळाले, हे त्या गावाला कधी सांगितले गेल्याचे मी पाहिलेले नाही.

हेच माझे मुख्य दुखणे आहे. यादी कोणासाठी ठेवायची? मी माझ्या गावाजवळच्या पुलाची नोंद गावाला मिळावी म्हणून अर्ज केला, तर तोंडी उत्तर मिळाले की ही तांत्रिक माहिती आहे, लोकांमध्ये विनाकारण घबराट पसरेल. ज्या मैलकुलींनी खांबाच्या बुडाशी बसून पायाची खोली मोजली, त्यांच्याच नातवंडांना ती खोली कळली तर घबराट पसरेल?

अमेरिकेत ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ ला, नाताळच्या खरेदीच्या गर्दीत, कोसळला. ४६ माणसे गेली. साखळीतल्या एका पोलादी पट्टीला गेलेला तडा, एवढेच कारण. त्यानंतर तिथे कायदा झाला, १९७१ मध्ये तपासणीचे राष्ट्रीय निकष आले आणि पुढे सगळ्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या पुलांची एक यादी झाली. आज त्यात सहा लाखांहून जास्त पूल आहेत. गुणांची फूटपट्टी तिथेही ० ते ९ च आहे. पण ती यादी कोणीही उघडून वाचू शकतो. शेतकरी, शिक्षक, पत्रकार, कोणीही. म्हणून तिथे पूल पडत नाहीत असे मी म्हणत नाही. १ ऑगस्ट २००७ ला मिनियापोलिसला मोठा पूल पडला आणि १३ जण गेले. तो सदोष असल्याचे यादीत वर्षानुवर्षे लिहिलेले होते. पण यादी उघडी असल्यामुळे दुसऱ्या दिवशी लोकांना विचारता आले : लिहिले होते, मग केले का नाही? आम्हाला तो प्रश्नही विचारता येत नाही, कारण काय लिहिले होते हेच ठाऊक नसते.

आणि यादी किती खोलवर जायला हवी, हे आपल्याच महामार्गाने शिकवलेले आहे. पणजीचा मांडवीवरचा नेहरू पूल १९७० चा. ५ जुलै १९८६ ला तो कोसळला, अवघ्या सोळा वर्षांत. काँक्रीटच्या पोटातल्या ताणलेल्या तारा खाऱ्या हवेने गंजल्या होत्या. वरून डांबर नीट, कठडे नीट. त्या पुलाचा पुलावरून काढलेला फोटो आदल्या दिवशी घेतला असता, तर त्यालाही ‘समाधानकारक’ असाच शेरा मिळाला असता. त्यानंतर पणजीकर कितीतरी काळ फेरीबोटीने जात-येत होते. खाडीवरचा, समुद्राजवळचा प्रत्येक पूल तपासताना मला त्या तारा आठवायच्या.

साहेब, मी मोठे काही मागत नाही. पुलाखाली उतरल्याशिवाय शेरा लिहिता येणार नाही, असा नियम करा. दोन तपासण्या ठेवा, एक पावसाळ्याआधी आणि एक पूर ओसरल्यावर लगेच, खड्डा वाळूने भरून जाण्याआधी. ज्या पुलाच्या आसपास वाळूचा उपसा चालतो, त्याची नोंद लाल शाईने करा, कारण तिथे पात्र दर वर्षी खाली जाते आणि पाया दर वर्षी उघडा पडतो. प्रत्येक पुलावर पाटी लावा : क्रमांक, बांधल्याचे साल, शेवटच्या तपासणीची तारीख, मिळालेले गुण आणि तपासणाऱ्याचा हुद्दा. गावच्या ग्रामसभेत ती नोंद वर्षातून एकदा वाचून दाखवा. लोक घाबरणार नाहीत. पूर आल्यावर पुलावरून जायचे की थांबायचे, हे त्यांचे त्यांना ठरवता येईल. आणि उरलेल्या मैलकुलींना, मुकादमांना विचारा. त्यांच्यातले बरेच जण गेले, राहिलेले म्हातारे झाले. त्यांच्याबरोबर जे जाईल ते पुन्हा कुठल्या उपग्रहावरून मिळणार नाही.

आमचे मुकादम दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांच्या हयातीत ती पाने खात्याने उतरवून घेतली असती, तर त्यांना काय वाटले असते, ते मी तुम्हाला लिहून सांगू शकत नाही.

वहीतल्या प्रत्येक पानाची छायाप्रत मी काढून ठेवली आहे. मूळ वही तुमची आहे, ती मला नको. ती घेऊन जायला माणूस पाठवा, मला फक्त एक सही-शिक्क्याची पोच द्या आणि त्या तीन खांबांच्या पुलाच्या नोंदीत पायाचे दोन्ही रकाने भरून घ्या. त्यातला मुरमावरचा खांब डाव्या काठापासून दुसरा. या पावसाळ्याआधी तिथे पहार लावून बघायलाच हवी. तुमचे कोणी येणार असेल तर मी बरोबर उतरतो.

आपला नम्र,
एक निवृत्त शाखा अभियंता