मवाली, छपरी आणि छावा

परवा मगरिबनंतर आम्ही कळवा नाक्यावर भाजी घेत होतो. शेजारच्या इमारतीतला मुलगा क्लासहून परतत होता. पाठीला बॅग, केस तांबूस रंगवलेले. ओळखीच्या एका चाचांनी त्याच्याकडे पाहून शब्द टाकला, "छपरी!" मुलाने ऐकले आणि मान खाली घालून निघून गेला. आम्हीही गप्पच राहिलो. घरी अम्मींना सांगितले, तर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी मवाली म्हणायचे."

छपरीत छप्पर उघडच दिसते. छप्पर शाकारून पोट भरणारी छप्परबंद ही मुस्लिम जमात आपल्याच राज्यातली. इंग्रजांनी तिच्यावर गुन्हेगारीचा शिक्का मारला. आज ती विमुक्त जातींच्या यादीत आहे.

मवाली मात्र थेट अरबी. ‘मौला’चे हे अनेकवचन, म्हणजे ‘मौलाना’चा सख्खा भाऊच! मौला म्हणजे धनी, मित्र आणि मुक्त केलेला गुलामसुद्धा. सूरह अहजाबच्या पाचव्या आयतीत, ज्यांच्या वडिलांचे नाव माहीत नाही त्यांना दीनमधले भाऊ आणि ‘मवाली’ म्हटले आहे. पुढे उमय्या राजवटीत (661 ते 750) इराण-इराककडच्या नवमुस्लिमांना मवाली म्हणत आणि अरब सरदार त्यांना खालच्या पायरीवर बसवत. हसन बसरी आणि इमाम अबू हनीफा हे दोघेही अशाच मवाली घरांतले. आपल्या नाक्यावर येईपर्यंत त्या शब्दाचा गुंड झाला.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडमध्ये भडक कपड्यांतल्या गरीब पोराला ‘चॅव’ म्हणून हिणवतात. 2004 च्या सुमारास तिकडच्या वर्तमानपत्रांत हा शब्द फार गाजला. बहुतेक अभ्यासक त्याचे मूळ रोमा लोकांच्या भाषेत शोधतात. त्यांच्याकडे ‘चावो’ म्हणजे मुलगा, एवढेच. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी हिंदुस्थानातून तिकडे गेले. त्यांचा ‘चावो’ आणि आपला ‘छावा’ हे दोन्ही संस्कृत ‘शाव’, म्हणजे पिल्लू, यातून आलेले. तिकडे शिवी, इकडे शाबासकी!

दुसऱ्या दिवशी तो मुलगा जिन्यात भेटला. यावेळी सलाम आम्हीच आधी केला. केसांचे विचारले, तर लाजत म्हणाला, "दादीची मेंदी उरली होती."

चाचांच्या दाढीलाही मेंदीच असते.