‘आमच्याकडे चालते’

‘धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत’ हा उपदेश आम्हांला गेल्या काही वर्षांत ज्या विषयावरून सर्वाधिक ऐकावा लागला, तो विषय म्हणजे मुक्तस्रोत संगणकप्रणाली. प्रणाली फुकट मिळते, जगभरातले स्वयंसेवक ती घडवतात. मग तिच्यात मराठी नीट चालत नसेल तर कुरकुर कसली करायची, असा या उपदेशाचा भावार्थ. आमच्या मते हा उपदेश चुकीच्या गाईला लावला जात आहे. एरिक रेमंड यांनी १९९७ मध्ये ‘द कथीड्रल अँड द बझार’ या निबंधात मुक्तस्रोत पद्धतीचे समर्थन केले ते दानधर्म म्हणून नव्हे. पाहणारे पुष्कळ असले म्हणजे दोष फार काळ दडून राहू शकत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. म्हणजे दोष दाखवणारा वापरकर्ता हा या व्यवहारातला भागीदार झाला आणि दात मोजणे हे त्याचे कामच ठरले. प्रश्न एवढाच उरतो की, त्याने मोजून सांगितल्यावर पुढे काय होते?

आम्ही परभणी जिल्ह्यात मराठी शिकवतो. आमच्या एका विद्यार्थिनीने एम.ए.च्या संशोधन-प्रकल्पासाठी ग्रामीण कवितेविषयीची टिपणे एका मुक्तस्रोत लेखनप्रणालीत साठवली होती. काही तिने स्वतः टंकित केलेली, काही मैत्रिणींकडून आलेली. त्यांत ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द किती ठिकाणी येतो ते तिला पाहायचे होते. शोध घेतल्यावर काही उतारे मिळाले, काही मिळाले नाहीत. न मिळालेल्या उताऱ्यांत तो शब्द डोळ्यांना स्वच्छ दिसत होता. प्रणालीचे म्हणणे मात्र असे की तो तेथे नाही.

कारण शोधल्यावर सापडले. ‘शेतकऱ्यांना’ आणि ‘शेतकर्‍यांना’ हे दोन शब्द वाचकाला एकच दिसतील, पण संगणकाच्या लेखी ते भिन्न आहेत. ‘ऱ्य’मधला आडवा अर्धा र युनिकोडमध्ये दोन मार्गांनी लिहिता येतो. एका मार्गाने नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त येतो. दुसऱ्या मार्गाने साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे, रुंदी नसलेले एक जोडचिन्ह येते. पहिला मार्ग ‘इस्की’ या भारतीय मानकाला धरून आहे; दुसरा युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेला आहे. दोन्ही अधिकृत आणि दोन्ही प्रचलित. शिवाय काही शोधयंत्रे ते अदृश्य जोडचिन्ह सरळ गाळतात. तसे झाले की दुसऱ्या मार्गाने लिहिलेल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’ यांत भेदच उरत नाही. आचाऱ्यांना शोधावे आणि आचार्यांनी हजर व्हावे, असा हा प्रकार. मराठीत हा भेद अर्थाचा आहे, शोभेचा नाही.

आम्ही रीतसर दोषनोंद केली. ज्याला संगणकाच्या परिभाषेत बग-रिपोर्ट म्हणतात ती. इंग्रजीत लिहिली, नमुन्याची फाइल जोडली, पडद्याची चित्रे जोडली. पहिले उत्तर आले की आमच्याकडे हे घडत नाही. उत्तर देणाऱ्याने शब्द एकाच पद्धतीने टंकित करून एकाच पद्धतीने शोधला होता, हे उघड होते. आम्ही ते समजावून सांगितले. दुसरे उत्तर आले की ही दोन वेगळी अक्षरे असल्यामुळे हा दोषच नव्हे. त्यानंतर दीर्घ मौन. शेवटी आपोआप निघालेला एक संदेश आला की ही आवृत्ती आता जुनी झाली असल्याने नोंद बंद करण्यात येत आहे. दोष होता तेथेच राहिला; निकाली निघाली ती आमची तक्रार.

या तीन उत्तरांपैकी दुसऱ्या उत्तराचा समाचार आधी घ्यायला हवा, कारण तेच सर्वांत विद्वत्तापूर्ण दिसते. वेगळी अक्षरे, म्हणून वेगळे शब्द! इंग्रजीतला मोठा ‘पी’ आणि छोटा ‘पी’ यांचे संकेतांकही वेगळेच असतात. तरीही आमच्या जिल्ह्याचे नाव इंग्रजी छोट्या अक्षरांत शोधले तर मोठ्या अक्षराने सुरू होणारे नावही सापडते. ही सोय निसर्गाने दिलेली नाही. कोणा प्रोग्रामरने मुद्दाम बसून ती लिहिली आहे, कारण या दोन रूपांना एकच मानणे त्याला स्वतःच्या भाषेच्या सवयीने स्वाभाविक वाटले. तेव्हा ‘संकेतांक वेगळे आहेत’ हे उत्तर नव्हे. स्वतःच्या लिपीतल्या गरजेला सोय म्हणायचे आणि दुसऱ्याच्या लिपीतल्या गरजेला गैरसमज म्हणायचे, हा पक्षपात आहे. तो द्वेषातून येत नाही हे आम्ही मान्य करतो. पण त्यामुळे तो पक्षपात असायचा राहत नाही.

आता पहिले उत्तर. मोझिला प्रकल्पासाठी १९९८ मध्ये तयार झालेल्या ‘बगझिला’ या दोषनोंदवहीत तक्रार बंद करण्यासाठी जे ठरावीक शेरे होते, त्यांत ‘वर्क्स फॉर मी’ हा एक होता. आमच्याकडे चालते! या शेऱ्याला अर्थ तेव्हाच असतो, जेव्हा ‘आमच्याकडे’ आणि ‘तुमच्याकडे’ यांतले अंतर मोजलेले असते. आडवा अर्धा र हिंदीत नाही. मराठीत आहे, नेपाळीत आहे. ज्याने तो कधी लिहिला नाही त्याच्या यंत्रावर तो बिघडणार तरी कसा? ज्याच्या घरी दळणच नाही त्याने ‘आमचे जाते उत्तम चालते’ म्हणावे, तशातली ही गत आहे.

तिसरे उत्तर हे उत्तर नव्हेच. ती दप्तरदाखल करण्याची रीत आहे. ‘फेडोरा’च्या प्रत्येक आवृत्तीला सुमारे तेरा महिन्यांची मुदत असते, ती संपली की त्या आवृत्तीवरील उघड्या नोंदी बंद केल्या जातात. दोष पुढेही असेल तर तक्रारदाराने तसे कळवावे, अशी सूचना आधी येते हे खरे. पण पुराव्याचा भार पुन्हा तक्रारदारावरच पडतो. ‘लाँचपॅड’वर अपुरी ठरवलेली नोंद साठ दिवस कोणी बोलले नाही तर आपोआप कालबाह्य होऊ शकते. मोझिलाच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या जेमी झविन्स्की यांनी २००३ मध्येच ‘ग्नोम’ प्रकल्पावर यावरून कोरडे ओढले होते. जुने टाकून नवे लिहायचे आणि जुन्यावरच्या तक्रारी न तपासता निकाली काढायच्या, हा त्यांचा आक्षेप. ती माणसे इंग्रजीतली, त्याच वर्तुळातली. त्यांची ही कथा, तर आमची काय?

आमच्या भागाला ही रीत अनोळखी नाही. निजामी राजवटीत दप्तराची आणि न्यायालयाची भाषा उर्दू होती. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःच्या जमिनीचे गाऱ्हाणे मांडायला आधी अर्जनवीस गाठावा लागे. अर्ज चुकला तर गाऱ्हाणेच चुकलेले ठरे. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य संपले. आज मराठी लिपीतला दोष इंग्रजीत, प्रोग्रामरच्या परिभाषेत, पायरीपायरीने पुनर्निर्मितीसह मांडावा लागतो, तेव्हा जुन्या लोकांनी सांगितलेला तो अर्जनवीस आम्हांला आठवतो.

दुसरी बाजू आम्ही दडवणार नाही. प्रणाली सांभाळणारे अनेकदा एकटेदुकटे आणि बिनपगारी असतात. ‘चालत नाही, लवकर करा’ एवढ्याच मजकुराच्या तक्रारी त्यांच्यापुढे ढिगाने येतात. ‘कर्ल’ सांभाळणारे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेल्या खोट्या दोषनोंदींविषयी जाहीरपणे त्रागा करत आले आहेत. त्याच वर्षी ‘एक्सझेड’ प्रकरणात तर थकलेल्या सांभाळकर्त्यावर तक्रारींचा दबाव आणून घातपाती माणसाला आत शिरकाव मिळाल्याचे उघड झाले. तेव्हा प्रत्येक नोंदीवर तत्काळ काम व्हावे, असा आमचा हट्ट नाही. वेळ नाही म्हणून नोंद उघडी राहिली तर त्यात लाज नाही. ‘हे खरे आहे, पण आम्हांला जमत नाही’ असे लिहिलेली नोंद वीस वर्षे उघडी राहिली तरी चालेल. कधीतरी कोणी जाणता तेथे पोहोचेल. खऱ्या नोंदीवर खोटा शेरा मारून ती बंद केली, तर तो जाणता तेथवर पोहोचणारच नाही.

हे तत्त्व आम्ही बाहेरून आणलेले नाही. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी चक्रधरांच्या आठवणी ज्यांनी त्या पाहिल्या-ऐकल्या त्यांच्याकडे जाऊन गोळा केल्या. महानुभावांच्या पोथ्यांत एकाच लीळेविषयीची भिन्न कथने ‘वासना’ म्हणून नोंदलेली आढळतात. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळत नाही म्हणून ती पुसली गेली नाही. ‘आमच्या ऐकण्यात असे नाही’ एवढ्यावर त्यांनी कोणाची नोंद बंद केली असती, तर आपल्या गद्याचा आरंभ किती दरिद्री झाला असता!

आता शेवटचा दोष, आमच्याच बिरादरीचा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आम्ही प्राध्यापकांनी भाषणे केली, पेढे वाटले. त्या उत्साहात किती मराठी विभागांनी एकतरी दोषनोंद केली? ‘ॲ’ या अक्षराला २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र संकेतांक मिळाला, तो कोणीतरी चिकाटीने कागदपत्रे मांडली म्हणून. मुद्रिते तपासणे आम्ही कमीपणाचे मानत नाही. दोषनोंद हे आजचे मुद्रितशोधनच आहे. ते एम.ए.च्या वर्गात शिकवले गेले पाहिजे, आणि प्रकल्पांनीही मराठी लिपीच्या नोंदीवर शेरा मारण्यापूर्वी ती लिपी वाचणाऱ्या एका तरी माणसाला विचारले पाहिजे.

आमची नोंद आम्ही नव्या आवृत्तीवर पुन्हा दाखल केली आहे. दोष तोच आहे. गाय धर्माची असो वा नसो, दात आम्ही मोजले आहेत आणि ते कमीच भरले आहेत.