सांधा आधी दाखवावा

घराच्या मापाने भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालून देण्याचे काम आपले काही सभासद बंधू करीत असतात, व आम्हीही बेळगावात ते पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. ह्या धंद्यात गिऱ्हाईक दर विचारते, रंग विचारते, माल लोकरीचा की नायलॉनचा हेही विचारते. सांधा कोठे येणार हे मात्र सहसा विचारीत नाही. ते विचारीत नाही म्हणून आपणही सांगत नाही. आमचे म्हणणे असे की, ते आपण होऊन सांगितले पाहिजे, आणि तेही पैशाची बोलणी होण्यापूर्वी.

एका खोलीचाच हिशेब घेऊ. अशा गालिच्याचा पन्हा बहुधा 12 फूट किंवा 4 मीटर असतो. दिवाणखाना 15 फूट रुंद व 18 फूट लांब असला, तर क्षेत्रफळ 270 चौरस फूट भरते; 12 फुटी पन्ह्याचा साडेबावीस फूट माल घेतला की तो बरोबर तितकाच होतो. 18 फुटांचा एक पट्टा अंथरावा, उरलेल्या साडेचार फुटांचे उभे चार भाग करावे, आणि 3 फूट रुंदीचे ते तुकडे एकापुढे एक लावून राहिलेली जागा भरावी. कागदावर इंचभरही वाया जात नाही. (काटछाटीला लागणारे चार बोटे जास्तीचे कापड येथे धरलेले नाही.) खोलीत मात्र एक 18 फुटांचा लांब सांधा व त्याला येऊन मिळणारे तीन आडवे सांधे पडतात. उलट, 15 फुटांचे दोन पट्टे खोलीच्या रुंदीच्या बाजूने घेतले तर माल 360 चौरस फूट लागतो, पण सांधा एकच. दोन्ही रीती रास्त आहेत. अप्रामाणिकपणा होतो तो पहिल्या रीतीचा भाव सांगून दुसरीची आशा लावण्यात. आणि ज्या दुकानदाराने सरळपणे 360 चा भाव सांगितला, तो मात्र गावात महाग ठरतो.

तुकडा आडवा फिरवून माल वाचविणे हा तर याहूनही वाईट मोह. गालिच्याला लव असते. एकाच रोलचे दोन तुकडे, पण एकाची लव दुसरीशी काटकोनात आली की रंग दोन दिसतात. मग सांधा कितीही सफाईने केलेला असो.

हे आम्ही दुसऱ्यांना शिकवीत आहोत असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी आमच्याच दुकानातून गेलेल्या एका गालिच्याचा सांधा ऐन दारासमोर, पाय पडण्याच्या वाटेवर आडवा आला. मापे घेतानाच आम्हाला ते दिसले होते. परंतु तो टाळावा तर माल वाढत होता, आणि भाव ठरून गेला होता. वर्षाच्या आत कडेचे धागे सुटू लागले. त्या घरच्या आजींनी एवढेच विचारले, "हे तुम्हाला आधी ठाऊक होते का हो?" ठाऊक होते. गालिचा आम्ही बदलून दिला, पण त्या प्रश्नाला उत्तर दिले नाही.

कारागिराच्या हातात पुष्कळ असते. कडा लवेच्या ओळींमधून सरळ कापणे, त्यांना लॅटेक्स लावून धागे बांधणे, खालच्या टेपवरील डिंक इस्त्रीने बेताने वितळवणे आणि तो निवेपर्यंत सांधा दाबून धरणे, हे चांगला कारागीर करतोच. तरीही गालिचा ताणून बसविल्यावर सांधा किंचित उचलला जातो, व खिडकीतून येणारा उजेड त्याला आडवा लागला तर त्याची रेघ दिसते. ती उजेडाच्या दिशेने घ्यावी, शक्य तर पलंग-कपाटाखाली घ्यावी, हे ठरविणे दुकानदाराचे काम. "सांधा मुळीच दिसणार नाही" हे वाक्य आपल्या दुकानांतून हद्दपार व्हावे, असे आम्हाला वाटते.

आम्ही आता अंदाजपत्रकाच्या मागील बाजूस खोलीची आकृती काढून तीवर सांध्याची रेघ तांबड्या शाईने दाखवितो, व गिऱ्हाइकाची सही घेतो. ह्यामुळे काही कामे हातची जातात, हे खोटे कशाला सांगावे? उरलेले तुकडेही आम्ही त्याच घरी ठेवून येतो. त्यांचे पैसे गिऱ्हाइकाने दिलेले असतात, आणि पुढे कोठे ठिणगी पडून गालिचा जळाला तर ठिगळाला त्याच रंगाचा माल बाजारात मिळत नाही.